आरशावरचा हात

मितवल्लीने डूख धरला होता. माणसं रागावतात, चार दिवस तोंड फिरवून चालतात, मग ईद येते आणि सगळं धुऊन निघतं. मितवल्लीचं तसं नव्हतं. तो दर ईदेला आपला राग ताजा करून घ्यायचा. सकाळची नमाज आटोपली की गल्लीतले सगळे एकमेकांना मिठ्या मारत, आणि हाजी बसयूनी समोर आला की मितवल्ली हसून दोन्ही हात पसरायचा. डावा पंजा मात्र तो मुद्दाम हाजीच्या उघड्या मानेवर ठेवायचा. त्या पंज्याला अंगठा होता आणि कडेची दोन बोटं होती. अंगठ्याशेजारची दोन नव्हती.

"दर साल सुखात राहा, हाजी," तो म्हणायचा.

हाजीची मान आखडायची. मितवल्ली हात अंमळ जास्तच वेळ तिथे ठेवायचा आणि घरी येऊन त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायचा.

दुमयातला, जिथे नाईल समुद्राला मिळते तिथे, लाकडाशिवाय दुसरं काही बोलायला नाही. आमच्या गल्लीत एकजण नुसते खुर्चीचे पाय करतो, एकजण नुसतं कोरीवकाम, एकजण पॉलिश, एकजण गाद्या. एक पलंग पाच दारं फिरून पुरा होतो. अशा ठिकाणी माणसाचं नाव म्हणजेच त्याचं पोट. 'अमक्याचा हात चांगला' हे एकदा पसरलं की म्हातारपणापर्यंत काळजी नाही. आणि उलटं पसरलं, तर गाव सोडलेलं बरं.

बोटं गेली तेव्हा मितवल्ली हाजीच्या कारखान्यात उस्ता होता. उस्ता म्हणजे हाताखाली माणसं राबवणारा कारागीर. हाजीने नवीकोरी सरकती करवत आणली होती. दांड्यांवर पुढेमागे सरकणारं, वरून खाली येणारं गोल पातं, लाकूड आवळून धरायला शिकंजे, आणि पात्यावर प्लॅस्टिकचं झाकण. पातं खाली आलं की झाकण आपोआप मागे सरतं, वर गेलं की पुन्हा पात्यावर येतं. हाजीला ते झाकण डोळ्यांत खुपायचं. त्याच्यामुळे कापायची रेघ दिसत नाही, रेघ शोधण्यात वेळ जातो, असं त्याचं म्हणणं. एक दिवस त्याने झाकण वर उचललं आणि मागच्या स्क्रूला तारेने बांधून टाकलं.

"हाजी, हे बरं नाही," मितवल्ली म्हणाला होता.

"तू सुतार आहेस की सुईण? घाबरतोस कशाला?" हाजी म्हणाला. "आणि ते शिकंजे आवळत बसू नकोस. हाताने धर. ट्रक दारात उभा आहे."

तुकडा आखूड होता, ट्रक दारात होता, आणि मालक डोक्यावर उभा होता. पात्याने तुकडा आत ओढला आणि त्याबरोबर हातही ओढला. मितवल्ली भुश्यात पडला. त्याची किंकाळी ऐकून शेजारचे धावत यायच्या आत त्याने पडल्यापडल्या एक गोष्ट पाहिली. हाजीने हात मागे घातला, तार सोडली, आणि झाकण टक् करून पात्यावर पडलं. त्यानंतर हाजीने मदतीसाठी गळा काढला.

लोक आले तेव्हा झाकण जागच्या जागी होतं.

"हात आडवे घालून कापत होता," हाजी सांगत सुटला. "डावा हात उजवीकडे! शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत. हजार वेळा सांगितलं याला."

माणसाची बोटं गेली तर लोक हळहळतात. अक्कल नव्हती म्हणून गेली म्हटलं की हसतात. इस्पितळातून मितवल्ली परत आला तोवर त्याला नाव पडलं होतं : आडहात्या. आमची गल्ली नावं ठेवण्यात फार तत्पर. हत्यारं आणायला तो कारखान्यात गेला तेव्हा कोपऱ्यातल्या भुश्यात त्याला ती तार सापडली, पीळ तसाच राहिलेली. त्याने ती खिशात घातली. पण नुसती तार दाखवून कोण विश्वास ठेवणार? कारखान्यात तारा काय थोड्या असतात?

त्याच्या बायकोने, नजातने, गाव सोडायचं सुचवलं. तिच्या भावांचं अलेक्झांड्रियात दुकान होतं.

"इथेच राहायचं," मितवल्ली म्हणाला. "त्याच्या डोळ्यांसमोर."

"आणि करणार काय?"

"कापणार."

त्याने कापायचाच गाळा उघडला. गल्लीच्या मध्यावर, हाजीला घरी जाताना टाळता येणार नाही अशा ठिकाणी. एक जुनी सरकती करवत मिळवली, तिचं अंग न् अंग खोललं, साफ केलं, गुण्या लावून पातं काटकोनात बसवलं. लोकांनी लाकूड आणायचं, त्याने कापून द्यायचं. सुरुवातीला कुणी फिरकेना. "आडहात्याकडे करवत? खुदा बोटांची खैर करो," असं चहाच्या टपरीवर बोललं जाई, आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं जाई.

पण तो कापायचा कसा, ते एकदा बघायला हवं होतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, त्याने लाल रंगाच्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघांच्या आत हात म्हणून न्यायचा नाही. लाकूड मागच्या पट्टीला घट्ट टेकवायचं, शिकंजा आवळायचा, मग करवत बंद असतानाच पातं लाकडावरच्या पेन्सिलीच्या रेघेवर आणून बघायचं, की ते रेघ खाणार नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला बसणार. मग करवतीचं डोकं स्वतःकडे ओढायचं, बटण दाबायचं, पातं पुऱ्या वेगाला येईपर्यंत थांबायचं, खाली आणायचं आणि लाकडातून पलीकडे ढकलत न्यायचं. आणि काप झाल्यावर लगेच वर उचलायचं नाही. बटण सोडून पातं पूर्ण थांबेपर्यंत तसंच खाली धरायचं. एवढ्या वेळात दुसरा कारागीर तीन तुकडे कापून मोकळा होई.

"उस्ता, मधे चहा पिऊन येऊ का?" लोक टोमणा मारत.

"ये. येताना मलाही आण," तो म्हणे, आणि लाल रेघेच्या आत कुणाचं बोट दिसलं तर करवत बंद करून त्या माणसाला बाहेर काढी, मग तो कितीही मोठा असो.

त्याचे कोपरे मात्र असे मिटत की सांध्यात नख शिरत नसे. हळूहळू सगळी गल्ली त्याच्याकडे येऊ लागली. तरी नाव तेच राहिलं. "हे आडहात्याकडून कापून आण," लोक सर्रास म्हणत. त्याच्या हातचं काम हवं आणि त्याला नावही ठेवायचं, हा आमच्या लोकांचा स्वभाव. मितवल्ली ऐकून घेई. करवतीशेजारच्या खिळ्याला ती तार टांगलेली होती. नजात म्हणे, "दुसऱ्या बायकांना सवत असते, मला ही तार आहे."

मग हाजीच्या मुलीचं, रिहामचं, लग्न ठरलं.

मुलगा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मोठ्या फर्निचरवाल्याचा. म्हणजे सोयरीक आणि चढाओढ एकदमच. आमच्याकडे नवरीचं सामान उघड्या ट्रकांवर चढवून, हॉर्न वाजवत, गल्ल्यागल्ल्यांतून मिरवत नवऱ्याच्या दारी नेतात. नवऱ्याकडची मंडळी सामान उतरवताना प्रत्येक सांध्यावरून नख फिरवतात, आणि त्या नखाला घाबरून मुलीचा बाप महिनाभर झोपत नाही. हाजीने अक्रोडाचा आरसा करायला घेतला, पुरुषभर उंच. त्याच्या चौकटीची पट्टी शहातने कोरली. शहात आमच्या गल्लीतला सगळ्यांत जुना कोरीवकाम करणारा, जिभेचा तिखट. पट्टीभर द्राक्षाचा वेल, आणि कोपऱ्यात पान पानाला मिळायला हवं असा हिशेब. पट्टी एवढीच. काप चुकला की वेल तुटला, आणि दुसरा कोरायला दिवस उरले नव्हते.

"माझं लाकूड मितवल्लीच्या पात्याखाली जाईल," शहातने हाजीला तोंडावर सांगितलं. "तुझ्या पोरांच्या हाती मी माझा वेल द्यायचा नाही."

हाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पण मुलीचं लग्न होतं. त्याने पट्टी मितवल्लीकडे पाठवली, स्वतः आला नाही.

त्या दुपारी मितवल्लीने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि पट्टीसमोर बसला. देव असा मोका हातात आणून देईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने करवतीचा काटा पंचेचाळीस अंशांवरून केसभर सरकवला. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून एकमेकांना भिडवले. कोपऱ्यात बारीक फट दिसली, जेमतेम उजेड जाईल एवढी. चार कोपऱ्यांत मिळून ती चांगलीच वाढली असती. आज लुकणाने बुजली असती, पण नवऱ्याच्या घरी पहिला उन्हाळा लागताच उघडली असती. सासरच्या बाया तिथे बोट घालून हसल्या असत्या. मितवल्लीला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतःसाठी चहा मागवला.

चहा निम्मा झाला आणि त्याचं हसू विरलं. फट कुणाची म्हणतील? हाजीची नाही म्हणणार. आडहात्याने कापलं, मग दुसरं काय होणार, असंच म्हणतील. हाजी खोटं बोलला होता, आणि आता मितवल्ली आपल्याच हाताने ते खरं करून देणार होता. त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी घातली आणि काटा परत पंचेचाळीसवर आणला. पुन्हा दोन तुकडे कापले, भिडवले, त्यावर गुण्या ठेवून बघितला. उजेड कुठूनच येत नव्हता.

मग त्याने शहातला निरोप दिला, "हाजीला म्हणावं, स्वतः ये. एक चाचणीचा तुकडा त्याने माझ्या गाळ्यात आपल्या हाताने कापायचा. मग मी चौकट कापतो."

"हे काय नवीन?" शहातने विचारलं.

"तू ये आणि बघ. येताना चारजणांना घेऊन ये."

हाजी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आला. पॉलिशवाला आला, गादीवाला आला, टपरीवाला किटली हातात घेऊनच आला. मितवल्लीने त्याआधीच सगळी मांडणी करून ठेवली होती. खिळ्यावर तार नव्हती. करवतीचं झाकण वर उचललेलं होतं, आणि पातं उघडं होतं. झाकण कशाने अडकलंय, हे पुढून कुणालाच दिसत नव्हतं. शिकंजे त्याने काढून टाकले होते.

"कर रे तुझी नाटकं एकदाची," हाजी म्हणाला. "काय कापू?"

मितवल्लीने त्याच्या हातात आखूड तुकडा दिला.

"शिकंजा कुठे आहे?"

"तुझ्याकडे कधी होता शिकंजा, हाजी? हाताने धर. ट्रक दारात उभा आहे."

गादीवाला काही न समजून हसला. शहात हसला नाही. हाजीने लाकूड करवतीच्या मागच्या पट्टीला टेकवलं आणि डावा हात त्यावर ठेवला. तुकडा इतका आखूड होता की हात लाल रेघेच्या पार आत गेला. त्याने बटण दाबलं. पातं गरगरलं आणि गाळा आवाजाने भरून गेला.

खोटं कशाला बोला, मितवल्लीला रक्त बघायचं होतं. एरवी त्या रेघेच्या आत परक्याचं बोट दिसलं की तो आधी करवत बंद करायचा. आज तो हाताची घडी घालून उभा राहिला आणि हाजीच्या बोटांकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याने झोपेत हे बघितलं होतं. ये खाली, तो मनात म्हणत होता, ये.

पातं खाली येऊ लागलं. हाजीचा हात मागे सरकला. त्याने तो परत पुढे आणला, तो परत मागे गेला. कपाळावरचा घाम लाकडावर टपकला. शेवटी त्याने बटण सोडलं. पातं फिरत फिरत थांबलं. हाजीने मान वर केली नाही, मागे वाकून बघितलं नाही. त्याचा उजवा हात करवतीच्या डोक्यामागे गेला, थेट त्या स्क्रूपाशी, आणि बोटांनी उलटे पीळ दिले. तार सुटली. झाकण टक् करून पात्यावर पडलं.

भुश्यात पडून ऐकलेला तोच आवाज. मितवल्लीच्या नसलेल्या बोटांत कळ उठली.

"हाजी," शहात म्हणाला, "तार आहे हे मला इथून दिसत नव्हतं. तुझ्या हाताला बरी सापडली."

"कुठल्याही सुताराला कळेल," हाजी पुटपुटला.

"मी चाळीस वर्षं सुतारांत काढली. मला नाही कळलं."

"सगळ्यांसमोर सांग," मितवल्ली म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माझी बोटं गेली त्या दिवशी झाकण कुणी बांधलं होतं? आणि मी खाली पडल्यावर कुणी सोडलं?"

हाजी खिशात रुमाल शोधू लागला. शहातने आपली कोरलेली पट्टी उचलून खांद्यावर घेतली. "उत्तर नसेल तर वेल मी घरी नेतो. नवऱ्याकडच्यांना म्हण, आरसा भिंतीला टेकवून ठेवा, चौकट नंतर येईल."

"थांब." हाजीने तोंडावरून रुमाल फिरवला. "मीच बांधलं. आणि सोडलंही मीच."

"आणि हात आडवे?"

"नव्हते. सरळ होते."

टपरीवाल्याने किटली जमिनीवर ठेवली. "एवढी वर्षं आम्ही या माणसाला काय काय म्हणत आलो," तो म्हणाला, आणि सगळ्यांत जास्त तोच म्हणायचा.

"झालं समाधान?" हाजीने विचारलं. "आता काप, आणि काय हवं ते माग."

"आरसा ट्रकवर मी धरणार," मितवल्ली म्हणाला.

हाजीने सुस्कारा सोडला. याहून मोठं काहीतरी मागेल असं त्याला वाटलं होतं. "एवढंच? धर की. मुलीच्या मामाने धरायचा असतो, पण त्याला मी समजावतो."

मितवल्लीने त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यांत चांगला काप घेतला. एकेक पट्टी शिकंज्यात आवळली, एकेका पानाच्या देठाशी पातं आणून दहादा बघितलं, मगच बटण दाबलं. चौकट जुळवली तेव्हा वेल चारही कोपऱ्यांतून न तुटता वळला. शहातने सांध्यांवरून नख फिरवलं, ते कुठेच अडकलं नाही. त्याने मितवल्लीच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

गुरुवारी दुपारनंतर ट्रक निघाले. पुढच्या ट्रकांवर पलंग, कपाटं, खुर्च्या, आणि शेवटच्या ट्रकवर आरसा. आमच्याकडे आरसा मागे तोंड करून उभा करतात, म्हणजे मागून येणाऱ्या सगळ्या गल्लीला आपली वरात त्यात दिसते. आणि त्याच्या बरोब्बर मागे, सामानावर नजर ठेवत, नवरीचा बाप चालतो. नवऱ्याच्या दारापर्यंत त्याने ती जागा सोडायची नसते, आणि मानही खाली घालायची नसते. बापाने मान खाली घातली तर सामानात खोट आहे असं लोक समजतात.

मितवल्लीने इस्त्रीचा पांढरा पायघोळ गलाबिया घातला होता. तो आरशामागे चढला, उजव्या हाताने बाजू धरली आणि डावा पंजा चौकटीच्या वरच्या पट्टीवर ठेवला, बोटं पुढे काढून. अंगठा, मोकळी जागा, आणि दोन बोटं. हाजीने ते बघितलं, आणि आपण कशाला होकार दिला हे त्याला तेव्हा उमगलं.

"तो हात... दुसऱ्या हाताने धर ना," तो खालून हळूच म्हणाला. "मुलीचं लग्न आहे."

"दुसऱ्या हाताने बाजू धरलीय, हाजी. आरसा जड आहे. पडला तर?"

हॉर्न वाजले, ढोल सुरू झाला. ट्रक सरकला आणि हाजी मागून चालू लागला. समोर आरशात तो स्वतः होता, नवा कोट, मेंदी लावलेली दाढी, आणि त्याच्या प्रतिबिंबाच्या डोक्यावर बरोब्बर तो पंजा. ट्रक डावीकडे वळला तरी तो तिथेच, उजवीकडे वळला तरी तिथेच. टपरीवाल्याने गोष्ट सगळ्या बाजारात पोचवली होती. लोक आधी हात बघत, मग हाजीला बघत. "ती बोटं बघ," कुणीतरी म्हणालं. "याने झाकण बांधलं होतं." आडहात्या हा शब्द त्या रस्त्याने कुणी उच्चारला नाही.

गच्च्यांवरून बायका 'हुललू' असा आनंदाचा पुकारा करत नजर उतरायला मूठमूठ मीठ फेकत होत्या. ते वेलावर पडलं, मितवल्लीच्या पंज्यावर पडलं. त्याच्या जखमा केव्हाच्या भरल्या होत्या, त्याला काही झोंबलं नाही. पुढच्या मोटारीतून रिहामने मान बाहेर काढून हात हलवला. "काका, जपून हं, आरसा घसरेल!" तिला काही ठाऊक नव्हतं. मितवल्लीने तिच्याकडे बघून मान डोलावली, आणि तिच्यापुरता आशीर्वादही दिला, मनापासून दिला.

तिच्या बापासाठी मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. नवऱ्याचं घर जवळ आलं तसं त्याने डावा पंजा न हलवता मागे वळून उजव्या हाताने ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली.

"पुलावरून घे," तो म्हणाला. "लांबचा रस्ता आहे ना, तोच घे."